मांजराच्या अंगावरील गोचीड आणि पिसवा

मांजराच्या कानामागे किंवा हनुवटीखाली मुगाएवढी करडी गाठ हाताला लागली, तर ती बहुधा रक्त पिऊन फुगलेली गोचीड असते. तिच्यावर तेल किंवा रॉकेल सोडण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण त्याने ती सुटत नाही, उलट तिची लाळ जखमेत उतरण्याचा धोका वाढतो. बारीक टोकाच्या चिमट्याने तिला कातडीलगत, पोट न दाबता पकडावे आणि पीळ न देता सावकाश सरळ ओढावे. निघालेली गोचीड स्पिरिटमध्ये टाकावी.

पिसवा मात्र सहसा दिसत नाहीत. दाट दातांच्या फणीने केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. त्यांची अंडी अंथरुणात आणि फरशीच्या फटींत गळून पडतात, शिवाय कोशातील पिसू अनेक आठवडे तग धरते. म्हणून मांजराची गोधडी दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवावी आणि घरातील सर्व मांजरांवर, कुत्रा असल्यास त्याच्यावरही, निदान तीन महिने उपचार चालू ठेवावेत.

औषध पशुवैद्यांना मांजराचे वजन सांगूनच घ्यावे. कुत्र्यासाठी आणलेले, पर्मेथ्रिन असलेले औषध थोडे उरले आहे म्हणून मांजराला लावणे ही काटकसर नव्हे. त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकते.