ग्रबमध्ये विंडोज आधी आणताना

एकाच मशीनवर उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि विंडोज. मशीन सुरू होताना यातलं कोणतं चालवायचं याचा मेनू दाखवतं ते ग्रब. जरा नजर हटली की हे ग्रब थेट उबंटूत शिरायचं, आणि घरातल्या बाकीच्यांना हवं विंडोज. उपाय ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये आहे. तिथे ग्रब_डिफॉल्टसमोर 0 असतो. मोजणी शून्यापासून, म्हणजे मेनूतली तिसरी ओळ हवी तर 2. पण आकड्याच्या नादी लागू नका! मेमरी टेस्टची एखादी ओळ मध्ये घुसली की सगळे आकडे सरकतात. मी तिथे 'सेव्हड' लिहिलं, खाली ग्रब_सेव्हडिफॉल्ट 'ट्रू' केलं आणि सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून अपडेट-ग्रब ही कमांड चालवली. ही कमांड दिल्याशिवाय फाइलमध्ये काहीही खरडा, मेनू ढिम्म हलत नाही. मग एकदाच मेनूतून विंडोज निवडलं. आता मागच्या वेळी जे निवडलं असेल, तेच आपोआप सुरू होतं.