पद्मिनीची आधी हाडं, मग सांधे: जुन्या फियाटची बॉडी आणि सस्पेन्शन कसं मजबूत करावं

खड्ड्यातून गेलं की डॅशबोर्ड करकरतो, मागचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, साठच्या पुढे स्टिअरिंग भरकटतं. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते, आणि पहिला उपाय म्हणून सगळे शॉकअब, म्हणजे धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बदलतात. मीही बदलले. नवे, चांगले कडक. चार महिन्यांत मागच्या शॉकअबच्या माउंटिंगजवळचा पत्रा फाटला. दोष शॉकअबचा नव्हता. पत्रा आतून आधीच सडलेला होता, आणि वाढलेला धक्का थेट त्याच्यावर बसत होता.

म्हणून क्रम पक्का धरा: आधी बॉडी, मग सस्पेन्शन. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११००चीच ही पुढची पिढी. आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे, तीही याच घराण्यातली. यांत तळाचा पत्रा, दारांखालच्या पेट्या आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. दारांखालची पेटी सडली म्हणजे शोभा गेली एवढंच नाही, कणा गेला.

पहिलं काम तपासणीचं. गाडी सपाट जागेवर लावा आणि चारही दारांच्या फटी वरून, मधून, खालून मोजून वहीत लिहा. मग पुढच्या एका चाकाजवळ, मजबूत जागा बघून जॅक लावा आणि चाक जमिनीपासून सुटेपर्यंत उचला. त्या बाजूचं पुढचं दार हळूच उघडून परत लावून बघा. दार घासलं, किंवा आधी ज्या फटीत नाणं सहज फिरत होतं तिथे ते आता अडकलं, तर बॉडी वाकते आहे. दुसऱ्या बाजूनेही हेच करा. जॅकवरच्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका. खाली जायचं तर आधी घोड्या, म्हणजे गाडी तोलणारे लोखंडी स्टँड, लावा.

मग मॅटिंग पूर्ण काढा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळाचा पत्रा, पेट्या, पाट्यांचे (मागच्या पट्टी-स्प्रिंगांचे) हँगर, पुढच्या आडव्या मेंबरची बसायची जागा आणि डिकीचे कोपरे ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे आवाज बद्द येईल तिथे टोक दाबून बघा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या गाडीत ते आरपार जाऊ शकतं. वरून गुळगुळीत रंग दिसला म्हणून खाली पत्रा आहे असं धरू नका. मी एका पेटीतून नुसती पुट्टी आणि वर्तमानपत्राचे बोळे काढलेत.

वेल्डिंगला हात लावण्याआधी एक कायद्याची गोष्ट. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यांत गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. तशी नोंदणी करायची असेल तर सडलेल्या जागी मूळ आकाराचाच पत्रा बसवा, नव्या पट्ट्या आणि पाइप जोडू नका. मला तरी हाच मार्ग सगळ्यांसाठी बरा वाटतो. मूळ बॉडी धडधाकट असेल तर तेवढी ताकद या गाडीला पुरते. बाजारात मिळणारा स्ट्रट बार, म्हणजे पुढचे दोन स्ट्रट जोडणारा दांडा, घेऊ नका. पद्मिनीला पुढे स्ट्रट नाहीतच, विशबोन, म्हणजे चाक धरणारे आडवे हात, आहेत.

आता काम. बॅटरी आणि डायनामोच्या वायरी सोडा, पेट्रोलची टाकी उतरवा. गाडी चाकांवर उभी असते तसाच भार राहील अशा आधारांवर ठेवा. दारं जागेवरच राहू द्या, आणि दाराच्या चौकटीत आतून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अँगल तात्पुरता वेल्ड करा. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापू नका. एक बाजू पूर्ण झाली, दार नीट लागतंय हे पाहिलं, मगच दुसरी. पेटीसाठी १८ गेजचा, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटरचा पत्रा घ्या. गॅस वेल्डिंगने पत्रा तापून वाकतो, त्यामुळे सीओटू वेल्डिंगच करून घ्या. तेही सलग नको. इंचभर इथे, इंचभर तिथे, मध्ये गार होऊ देत. सडक्या पत्र्यावर नवा तुकडा चिकटवू देऊ नका. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायलाच सांगा. शेवटी पेटीच्या आत पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फवारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

बॉडी झाली की फटी पुन्हा मोजून वहीत लिहा. आता सस्पेन्शन पुष्कळ सोपं. सुरुवात किंगपिनपासून, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं तिच्यापासून. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा किंवा बुशचा, म्हणजे सांध्यातल्या अस्तर-नळीचा. जुने टॅक्सीचे मिस्त्री हे डोळे मिटून ओळखतात. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, म्हणून असा हात ओळखीचा असेल तर आत्ताच त्याच्याकडून काम करून घ्या.

विशबोनचे आणि पाट्यांचे बुश सगळे एकदम बदला. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर टेकवा, चारदा दाबून हलवा, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. ही एक गोष्ट बऱ्याच गॅरेजमध्ये घाईत राहून जाते, म्हणून समोर उभं राहून करून घ्या.

पुढची स्प्रिंग काढताना योग्य कंप्रेसर हवाच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापू नका. मागचे पाटे बसले असतील तर कमानपाट्यांच्या कारागिराकडून मूळ कमान देऊन घ्या. जास्तीचा पाटा टाकू नका, मागची बाजू दगडासारखी होते. पाट्यांमध्ये ग्राफाइट ग्रीस लावा. अँटी-रोल बारचे, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे, रबर स्वस्त असतात, पण वळणावर फरक लगेच कळतो. शॉकअब सर्वांत शेवटी, जोडीनेच, आणि मूळ कडकपणाचे. टायर १४ इंची रेडियल चालतील, पण रुंद नकोत. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंगला खांदे भरून येतात.

आठवडाभर गाडी चालवून स्प्रिंगा बसू द्या, मग चाकांची अलाइनमेंट करा. पाचशे किलोमीटरला पाटे धरणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. त्याच दिवशी वही उघडून दारांच्या फटी परत मोजा. आकडे बॉडीचं काम संपलं त्या दिवसाचेच असतील तर खंडाळ्याचा घाट बिनघोर चढा. एखादी फट मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकली असेल, तर त्या बाजूची पेटी पुन्हा ठोकून बघा.