आटे पाडायचा टॅप घेताना

टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे पाडायचं हत्यार. त्याचा चाळीस नगांचा स्वस्त सेट दिसला की हात शिवशिवतात, पण घरच्या कामात त्यातले चार-पाचच टॅप वापरात येतात. त्यापेक्षा नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या टूल्सच्या दुकानातून एम६, एम८ आणि एम१० (म्हणजे ६, ८ आणि १० मिमी बोल्टचे) सुटे घ्या, पण एचएसएसचेच, म्हणजे हाय स्पीड स्टीलचे. बाइकसाठी एम१० घेताना पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, नक्की तपासा, १.२५ आणि १.५ मिमी दोन्ही असतात. जुना बोल्ट सोबत नेलात तर घोळच होत नाही.

दुकानात टॅप उजेडात धरून दातांवरून नख फिरवा. कडा खरखरीत लागली, बर (धातूचा उरलेला बारीक काठ) दिसला, की परत ठेवा. अंगावर माप आणि ‘एचएसएस’ कोरलेलं हवं. बोल्टवर बाहेरून आटे पाडणारी डाय मात्र साधी चालते, कारण ती बहुतेक वेळा खराब आटे साफ करायलाच लागते.

खरा पैसा टॅपआधी भोक पाडायच्या ड्रिल बिटवर घाला. एम६ ला ५, एम८ ला ६.८ मिमी. भोक लहान पडलं की चांगला टॅपही आत तुटतो, आणि तुटलेला टॅप साध्या ड्रिलने निघत नाही. टॅपवर तेलाचे थेंब टाका, मग अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मागे फिरवताना ‘कट्’ असा बारीक आवाज येतो, तेव्हा कीस तुटलेला असतो.