उडालेली झोप पुन्हा बसवताना

रविवार पेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. डोळ्याला आयग्लास लावायची आणि लोकांची मागेपुढे पडणारी घड्याळं वेळेवर आणायची, हा धंदा. पण दोन वर्षं मी स्वतः रोज रात्री पावणेतीनला टक्क जागा असायचो, हॉलमधल्या लंबकाच्या घड्याळाचे टोल मोजत.

सुरुवात वाड्याच्या नोटिशीने झाली. दुकान पागडीचं, वाडा बिल्डरकडे गेला, आता आपलं काय, या विचाराने झोप उडाली. उडणारच. आठ महिन्यांनी करार झाला, नव्या इमारतीत गाळा मिळणार हे कागदावर आलं. काळजी मिटली, झोप मात्र आली नाही. उलट संध्याकाळचे सात वाजले की पोटात खड्डा पडायचा: आज तरी येईल का?

शेवटी डॉक्टर गाठले. बाई मानसोपचारतज्ज्ञ. त्यांनी पहिल्यांदा हिशेब सांगितला. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री झोपेची बोंब आणि असं तीन महिने चाललं, की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. मग म्हणाल्या, "काका, झोप ज्या कारणाने गेली ते कारण आणि ती ज्या कारणाने परत येत नाही ते, ही दोन वेगळी असतात." कोड्याची किल्ली मला इथे सापडली.

मेंदूत झोपेच्या बाजूने दोन गोष्टी काम करतात. एक अ‍ॅडिनोसिन. हे मेंदूतलं रसायन जागेपणी साठत जातं. जितका वेळ जागे, तितकी झोपेची भूक मोठी. दुसरं म्हणजे चक्क घड्याळ. हे ऐकून मी सरसावून बसलो. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर हायपोथॅलॅमस नावाच्या भागात पेशींचा एक बारीक पुंजका असतो. त्याचा फेरा सरासरी २४ तास आणि वर दहाएक मिनिटं. म्हणजे आमच्या भाषेत, रोज दहा मिनिटं मागे पडणारं घड्याळ! सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते रोजच्या रोज लावून मिळतं. लावलं नाही, तर मागे पडतच जातं.

तिसरी गोष्ट विरुद्ध बाजूची, जागं ठेवणारी. अमिग्डाला नावाचा मेंदूतला भाग धोका हुंगतो, आणि मेंदूच्या देठातला लोकस सेरुलियस नावाचा इवलासा भाग नॉरअ‍ॅड्रिनालिन हे रसायन सोडून सगळ्या मेंदूला हुशार ठेवतो. दारात साप असेल तर हे हवंच. पण २००४ मध्ये निद्रानाशाच्या रुग्णांचे झोपेतले स्कॅन काढले, तेव्हा जागं ठेवणारे भाग झोपेतही पुरेसे निवत नाहीत असं दिसलं. आणि २००७ च्या एका प्रयोगात जागरण झालेल्या तरुणांचा अमिग्डाला वाईट चित्रं पाहून नेहमीपेक्षा फार जास्त उसळला. त्याला आवरणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा धागा सैल पडला होता. रात्री तीनला साधं लाइट बिलसुद्धा संकट का वाटतं, ते आता कळलं असेल. काळजीने झोप जाते, झोप गेली की काळजी आवरणारा भागच ढिला पडतो.

शिवाय मेंदू शिकतो. मी साडेदहाला टीव्हीसमोर खुर्चीत पेंगायचो आणि गादीला पाठ टेकली की लख्ख जागा व्हायचो. महिनोन्‌महिने गादीवर तळमळून मी त्याला 'गादी म्हणजे पहारा' असंच शिकवलं होतं. ते विसरायला लावायचं, एवढंच काम. पद्धतीला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर केलेला उपचार. बिछान्याचे नियम रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडले, अंथरुणातला वेळ आखडायची युक्ती आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये. म्हणजे नवं फॅड नाही.

आता कृती. आधी घड्याळं हटवा. घड्याळजीच्या घरात! मी लंबकाचं घड्याळ थांबवलं, मोबाइल स्वयंपाकघरात उपडा ठेवला. रात्री वेळ बघितली की मनात वजाबाकी सुरू होते, 'आता फक्त तीन तास उरले', आणि वजाबाकी करणारा माणूस झोपत नाही.

दोन आठवडे वही ठेवा. सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं: आडवा कधी झालो, डोळा कधी लागला असेल, किती वेळा उठलो, कायमचा कधी उठलो. माझी सरासरी निघाली आठ तास अंथरुणात, झोप सव्वापाच तास. बाकीचे पावणेतीन तास नुसता पहारा.

मग आला कडू घोट. झोप जेवढी होते, जवळजवळ तेवढाच वेळ अंथरुणात. मला सव्वाबारा ते पावणेसहा मिळाले. पाच तासांच्या खाली कोणीच जायचं नाही. उठायची वेळ रविवारीसुद्धा तीच, रात्र कशीही गेलेली असो. दुपारची वामकुक्षी बंद, आणि पुणेकराला हे सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पहिला आठवडा भयंकर गेला. एका आजोबांच्या एचएमटीची हेअरस्प्रिंग माझ्याच चिमट्याने वाकली. पदरचे पैसे घालून दुसरी बसवून दिली. म्हणून सांगतो, गाडी किंवा मशीन चालवत असाल तर या दिवसांत जपून. फिट्स येत असतील किंवा बायपोलरचा त्रास असेल, तर ही युक्ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका. जागरणाने दोन्ही आजार उसळतात.

दहाएक दिवसांत अ‍ॅडिनोसिनची भूक एवढी साठली की पाठ टेकताच डोळा लागायला लागला. साडेपाच तासांपैकी ८५ टक्के वेळ झोप झाली की पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं वाढवायची. असं करत मी आता अकरापर्यंत आलोय.

झोप आली नाही, साधारण वीस मिनिटं झालीत असं वाटलं (बघायचं नाही!), की सरळ उठा आणि दुसऱ्या खोलीत बसा. मंद दिव्यात, कंटाळवाणं काहीतरी करत. मी आधी स्क्रूंच्या डब्या लावायला घेतल्या. दीड तास गेला, डोकं ताजंतवानं. बायकोने डबी काढून घेतली आणि परातीत तांदूळ ओतून दिले. खडे निवडता निवडता मान पडायची. मान पडली की गादीवर. पुन्हा जाग आली की पुन्हा परात.

काळजीला वेळ द्या, पण संध्याकाळी. मी सहाला दुकानात वही उघडतो, दोन रकाने. 'स्टॅम्प ड्युटी कोण भरणार? उद्या वकिलांना फोन' हा डावीकडे. 'बिल्डर मध्येच पळाला तर?' हा उजवीकडे, कारण त्याला आज उत्तर नाही. रात्री तोच विचार आला की म्हणायचं, तू लिहिलेला आहेस.

सकाळी सारसबागेत उघड्यावर अर्धा तास चालतो. घड्याळ लावून घेणं म्हणजे हेच. चहाचं दुःख आहे. कॅफिन अ‍ॅडिनोसिनची जागा अडवून बसतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायलाच पाच-सहा तास लागतात. सहाचा अमृततुल्य अकरापर्यंत निम्मा शिल्लक. दोननंतरचा चहा सोडला. सोबतचा क्रीमरोल अजून चालू आहे.

गोळ्यांबद्दल. मेहुण्याने दिलेली अल्प्राझोलाम या काळजी शमवणाऱ्या औषधाची अर्धी गोळी मी सहा महिने घेतली, कोणाला न विचारता. सुरुवातीला गुण येतो, मग सवय लागते. घेत असाल तर एकदम बंद करू नका, त्याने जास्त बिघडतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवतात. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री मोडते.

आणि आधी तपासून घ्या. मोठं घोरणं, घोरताना श्वास अडकणं, थायरॉइड, लोह कमी पडून पायांची वळवळ, यांना तांदूळ निवडून उतार पडणार नाही. मन फार खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फोन फुकट, रात्रीसुद्धा उचलतात.

मधूनच वाईट रात्र येतेच. गाळ्याचा ताबा लांबला तेव्हा सलग तीन आल्या. भरपाई म्हणून लवकर आडवं व्हायचं नाही, सकाळी पावणेसहाला उठायचंच. घरात हल्ली निवडलेले तांदूळ येतात, त्यामुळे बायकोने पावट्याच्या शेंगा समोर ठेवल्या. चौथ्या रात्री त्या तशाच राहिल्या. सकाळी तिलाच सोलाव्या लागल्या.