स्वतः बांधलेल्या विमानाची वायरिंग : या चुका टाळा

घरातला फ्यूज बदलणारा, गाडीत म्युझिक सिस्टिम बसवणारा, सोसायटीच्या गणपतीला लायटिंग करणारा हौशी माणूस विमानाच्या वायरिंगमध्ये हमखास चुकतो. ज्याला काहीच येत नाही तो निदान मॅन्युअल उघडतो. घरात वायर एकदा भिंतीत गेली की वीस वर्षं तिला कुणी हलवत नाही. विमानात मात्र इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत प्रत्येक वायर आणि प्रत्येक स्क्रू थरथरत असतो. म्हणून विमानातली वायर मधे सहसा तुटत नाही. ती टोकाशी तुटते, नाहीतर जिथे घासते तिथे.

अमेरिकेत 'एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट' प्रकारात विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी स्वतः केलेलं असावं लागतं. व्हॅन्स या अमेरिकन कंपनीच्या आरव्ही मालिकेसारख्या किटमध्ये पत्र्याला भोकंसुद्धा पाडून मिळतात, पण पॅनेलच्या मागचं वायरिंगचं जाळं बहुतेक वेळा बांधणाऱ्यालाच विणावं लागतं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, तेव्हापासून मराठी तरुणांचेही प्रश्न सुरू झाले. त्यातले बरेचसे रेडिओबद्दल किंवा अल्टरनेटरबद्दल असतात, आणि उत्तर बहुधा ग्राउंडमध्ये सापडतं.

ग्राउंडला घरची अर्थिंग समजणं

घरातल्या अर्थिंगच्या तारेतून एरवी करंट जात नाही. बिघाड झाला तरच ती कामाला येते. विमानातलं ग्राउंड हा बॅटरीकडे परत जायचा रस्ता आहे. लाल वायरने जेवढा करंट गेला, तेवढाच या रस्त्याने परत येतो. स्टार्टर २०० अँपिअर सहज ओढतो, आणि इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटवर, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते सांगाड्यापासून तुटलेलं. दोघांना जोडते ती एक विणलेली तांब्याची पट्टी. ती लावायची राहिली किंवा रंगावरच बोल्ट आवळला, तर करंट आपली वाट शोधतो. थ्रॉटलची केबल आणि मिक्स्चरची (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारी) केबल इंजिनला धातूने जोडलेल्या असतातच. त्या बारीक केबलमधून स्टार्टरचा करंट गेला की आतलं अस्तर वितळतं आणि केबल जड होते. मग लोक तिला तेल सोडत बसतात.

इथे मल्टिमीटरची 'टीं' वाजवून काही कळत नाही. गंजलेल्या जोडाचा रोध एक शतांश ओहम असला तरी मीटर टीं करतो, पण २०० अँपिअरला त्याच जोडावर दोन व्होल्ट गळतात. बारा व्होल्टच्या बॅटरीतून दोन गेले तर स्टार्टर कण्हणारच. तपासायचं ते भार असताना. मिक्स्चर बंद, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद, प्रत्येक सिलिंडरचा वरचा स्पार्क प्लग काढलेला आणि प्रोपेलरजवळ कुणी नाही, अशी खात्री करा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. साथीदाराला काही सेकंद स्टार्टर फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर दोष परतीच्या वाटेत आहे. मग एकेक जोड ओलांडत मोजत जा. ज्या जोडावर आकडा एकदम उडी मारतो तो खोला, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा आणि पुन्हा आवळा.

दुसरी नेहमीची तक्रार अशी : लँडिंग लाइट लावला की ऑइल टेंपरेचर चढतं. इंजिन तापलेलं नसतं. लाइटचा करंट आणि मीटरचा सिग्नल एकाच ग्राउंड वायरने परत येतात, आणि त्या वायरवर गळलेले व्होल्ट मीटर तापमान म्हणून वाचतो. पॅनेलमधली सगळी उपकरणं, रेडिओ आणि इंटरकॉम यांची ग्राउंड वायर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीवरच्या) एकाच पट्टीवर आणा. धातूच्या विमानात पंखावरचे दिवे आणि पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) जवळच्या पत्र्याला जोडले तरी चालतात. लाँग-ईझीसारख्या काचतंतू आणि फोमच्या विमानात पत्राच नाही, त्यामुळे प्रत्येक उपकरणाला परतीची स्वतंत्र वायर लागते. त्यातून बॅटरी नाकात आणि इंजिन शेपटीकडे, म्हणजे प्लस आणि मायनस अशा दोन्ही जाडजूड केबल विमानभर न्याव्या लागतात.

हेडफोनमधल्या शिट्टीचंही तसंच. आरपीएमबरोबर तिचा सूर चढत असेल तर संशय अल्टरनेटरवर. त्याचं फील्ड (ज्या छोट्या करंटमुळे तो वीज तयार करतो तो) बंद करा, शिट्टी थांबली तर संशय खरा. पण लगेच फिल्टर विकत आणू नका. हेडसेटचे जॅक धातूच्या पॅनेलला थेट टेकलेत का ते आधी बघा. त्यांच्या दोन्ही बाजूंना फायबरचे वॉशर हवेत, नाहीतर आवाजाच्या तारेला ग्राउंडची दुसरी वाट मिळते. दोन-चार रुपयांच्या वॉशरचं काम महागडा फिल्टर करत नाही.

पक्कडीने दाबलेलं टर्मिनल

टर्मिनल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा जोड. हार्डवेअरच्या दुकानातलं स्वस्त टर्मिनल आणि विमानाचं टर्मिनल वरून सारखंच दिसतं : लाल २२ ते १८ गेजला, निळं १६-१४ ला, पिवळं १२-१० ला (गेजचा आकडा मोठा, तेवढी वायर बारीक). फरक आत आहे. विमानाच्या टर्मिनलमध्ये प्लास्टिकखाली धातूची आणखी एक नळी असते आणि ती वायरचं इन्शुलेशन पकडते. त्यामुळे थरथर उघड्या तांब्यावर येत नाही. ती नळी नसेल तर तांबं तिथेच वाकत राहतं आणि एक दिवस तुटतं. रॅचेटचं क्रिंपिंग टूल (टर्मिनल दाबून बसवायची पक्कड) घ्या, पूर्ण दाबल्याशिवाय ते सुटतच नाही. पहिली काही टर्मिनलं रद्दी वायरवर लावून बघा. २२ गेजच्या जोडाने सुमारे सात किलो वजन पेलायला हवं. तांदळाची पाच किलोची पिशवी टांगून समाधान मानू नका.

सोल्डर निषिद्ध नाही, पण वितळलेलं सोल्डर इन्शुलेशनखाली चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. तो जिथे संपतो, नेमकी तिथे वायर तुटते. सोल्डर करायचंच तर वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) लावा आणि वायर जवळच क्लँपने धरा. खात्री म्हणून क्रिंपवर सोल्डर ओतणं ही तर दोन्हीकडची वाईट बाजू पदरात घेणं झालं.

वायर टेफझेल इन्शुलेशनचीच घ्या. ती १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. लोहार चाळीतली पीव्हीसी वायर घरासाठी उत्तम, पण पेटली की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर सोडते, आणि कॉकपिटमध्ये खिडकी उघडून गॅलरीत जाता येत नाही.

जुळे कॉन्टॅक्टर

कॉन्टॅक्टर म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. मास्टरचा (सगळ्या विमानाला बॅटरी जोडणारा) कॉन्टॅक्टर आणि स्टार्टरचा कॉन्टॅक्टर जुळ्या भावांसारखे दिसतात. पहिला तासन्‌तास चालू राहण्यासाठी असतो, दुसरा काही सेकंदांसाठी. अदलाबदल झाली तर जमिनीवरच्या चाचणीत सगळं ठीक चालतं आणि लांबच्या उड्डाणात कॉइल जळते. बसवण्यापूर्वी पार्ट नंबर वाचा. कॉइलवरचा डायोड उलटा लागला तर तो थेट शॉर्ट होतो. त्याची पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे हवी.

वारंवार उडतो म्हणून मोठा ब्रेकर

ब्रेकर उपकरण वाचवायला नसतो, तो वायर वाचवतो. २२ गेजला ५ अँपिअर, १८ गेजला १० हा सुरक्षित हिशेब. पाचाचा उडतो म्हणून दहाचा लावला तर आता फ्यूजचं काम वायर करणार. अपवाद अल्टरनेटरच्या मुख्य वायरचा. ६० अँपिअरच्या अल्टरनेटरला ६० चाच ब्रेकर लावला तर तो काही बिघाड नसताना उडू शकतो. तिथे फायरवॉलजवळ एएनएल लिमिटर (सावकाश वितळणारा जाड फ्यूज) बरा.

मॅग्नेटोची वायर

या वायरमध्ये चूक झाली तर माणूस जातो. मॅग्नेटो बॅटरीवर चालत नाही. स्विच त्याला वीज देत नाही, तर ग्राउंडला टेकवून गप्प करतो. म्हणजे ही वायर तुटली, तर स्विच 'ऑफ' असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि हाताने प्रोपेलर फिरवणाऱ्याला ते दिसत नाही. शील्डची (भोवती धातूची जाळी असलेली) वायर वापरा. शील्ड मॅग्नेटोच्या बाजूला ग्राउंड करा आणि स्विचकडे तिचा उपयोग फक्त परतीच्या तारेसारखा करा, पॅनेलच्या ग्राउंडला जोडू नका. इंजिन बंद करण्यापूर्वी आयडलला क्षणभर स्विच 'ऑफ' करून बघा. इंजिन मरायला लागलं पाहिजे. नाही लागलं तर मिक्स्चरने बंद करा आणि प्रोपेलरला कुणालाही हात लावू देऊ नका.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. इंजिन माउंटच्या नळीवर प्लास्टिकचे टाय नकोत. त्यांच्याखाली धूळ साचते आणि ती कानशीसारखी नळी खाते. तिथे रबर लावलेले ॲडेल क्लँप वापरा. फायरवॉलच्या भोकात नुसतं रबरी ग्रॉमेट आग लागल्यावर टिकत नाही, तिथे स्टीलची नळी आणि फायरस्लीव्ह (आगरोधक आवरण) हवी. वायर इंधनाच्या नळीच्या वरून न्या, खालून कधीच नको. जाड केबल होकायंत्राजवळून नेऊ नका.

शेवटची चूक भल्याभल्यांची होते. सिलिंडरचं आणि एक्झॉस्टचं तापमान मोजणारे थर्मोकपल अमेरिकन पद्धतीचे असतील तर त्यांची लाल तार निगेटिव्ह असते. जे-प्रकारात पॉझिटिव्ह पांढरी, के-प्रकारात पिवळी. सवयीने लाल तार प्लसला लावली की इंजिन जसं तापेल तसा आकडा खाली येतो. सेन्सर बदलायला धावू नका, दोन तारांची अदलाबदल करा. तार अपुरी पडली तर साध्या तांब्याने वाढवू नका, त्याच प्रकारची थर्मोकपल वायर आणा. नाहीतर जोड जिथे असेल तिथल्या उष्णतेनुसार आकडा चुकत राहील, उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा.