इंजिन बदललंत, पण हवा काढलीत का? या चुका टाळा

डिचोलीतल्या आमच्या गॅरेजात दुसरं इंजिन घातलेल्या गाड्या बहुधा ओढूनच आणलेल्या असतात. मालकाचं निदान ठरलेलं: "वॉटर पंप गेलाय." पंप ठणठणीत असतो. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत हवा अडकलेली असते.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते हीटरवरून. "गोव्यात हीटर कशाला?" म्हणत तो काढून टाकतात आणि इंजिनातून हीटरकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही नळ्या एकाच होजने, म्हणजे रबरी पाइपने जोडतात. होज हाताला लागेल तो, लांबी मोजतो कोण? मग तो बॉनेटखाली कमान करून राहतो, रेडिएटरच्या तोंडापेक्षा चार बोटं वर. त्या कमानीत हवा जी बसते ती हलत नाही.

अशीच एक जिप्सी आली होती. आत डिझेल इंजिन, काम दुसरीकडचं. पोरगा केरीहून चोर्ला घाट चढायला लागला आणि अर्ध्यात बंद पडला. "पात्रांव, टेंपरेचरचा काटा अर्ध्यावरसुद्धा गेला नव्हता," हे त्याने मला चारदा तरी सांगितलं. खोटं नव्हतं ते. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच त्याचं ऐकावं. इथे त्याच्याभोवती हवा होती, त्यामुळे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, भाजत होतं आणि काटा गार. हेड उतरवून पट्टी आडवी धरली, तर मधोमध खालून उजेड दिसला, म्हणजे हेड वाकलेलं. ग्राइंडिंग, गॅस्केट, मजुरी, सगळं वीतभर जादा होजपायी. मी तो कापला, तोंडाच्या खाली आणला, झालं. हीटर ठेवला असेल तर पाणी भरताना त्याचा कंट्रोल पूर्ण गरमवर हवा.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह. त्याच्या चकतीत हवा निघायला बारीक भोक असतं, ते वरच्या बाजूला बसवा. "गरम देश आहे" म्हणून थर्मोस्टॅटच काढणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. विहिरीचं पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका, फडकं धरूनही नाही.

दुसरी चूक घाईची. "वीस मिनिटांत भरून द्या" म्हणणाऱ्याला मी समोरच्या हॉटेलात चहाला पाठवतो. जांभ्याच्या चढावर गाडीचं नाक वर करून लावतो, बाटली कापून नरसाळं करतो आणि इंजिन थंड असताना बारीक धारेने ओततो. दुसऱ्या हाताने वरचा होज दाबत राहायचं. गुडगुड ऐकू येते ती हवा. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर बुडबुड्याशिवाय धार येईपर्यंत सैल ठेवतो. किती ओतलं ते मोजा. पाच लिटरची सिस्टिम तीन लिटरवर "फुल्ल" दिसत असेल तर उरलेले दोन लिटर हवाच आहे.

मग इंजिन चालू. बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट उघडतो, वरचा होज एकदम चटका देतो आणि नरसाळ्यातली पातळी घटकन खाली जाते. तिथे भर घालायची. फॅन दोनदा लागून बंद झाला की झाकण लावतो, पण गाडी देतो दुसऱ्या दिवशी. सकाळी थंड इंजिनात पातळी हमखास उतरलेली असते.

दोनदा तापवून थंड केल्यावरही बुडबुडे थांबत नसतील, तर ती अडकलेली हवा नव्हे. बहुधा हेड गॅस्केटमधून, म्हणजे हेडखालच्या सीलमधून, इंजिनातला गॅस येतोय. नरसाळं बाजूला ठेवा आणि हेड उतरवायला पाने काढा.