थ्री-नॉट-थ्रीची निगा: सोलापूरच्या हवेत ली-एनफिल्ड कशी सांभाळावी

सोलापुरात पोलीस शस्त्रागारात आर्मोरर (शस्त्रांची दुरुस्ती-देखभाल करणारा कारागीर) म्हणून काम करताना माझ्या हाताखालून ज्या रायफली गेल्या, त्यांतल्या बहुतेक ब्रिटिश लष्करासाठी आखलेल्या ली-एनफिल्ड जातीच्या होत्या. १९०७ साली स्वीकारलेला मार्क तीन, दुसऱ्या महायुद्धातली नंबर चार आणि मार्क तीनचेच रूपांतर करून पोलिसांसाठी केलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी .४१० मस्केट, असे तीन प्रकार आमच्याकडे असत. १९३० साली या शहरात मार्शल लॉ लागला तेव्हा ब्रिटिश सैनिकांच्या खांद्यावर हीच जात होती, ही गोष्ट सोलापूरकराला विसरता येत नाही. पण शस्त्र ज्याच्या ताब्यात येते त्याच्यावर त्याची निगा राखण्याची जबाबदारीही येते. इशापूरच्या कारखान्याने याच बांधणीवर .३१५ बोअरची रायफल काढली आणि ती आजही परवानाधारक शेतकऱ्यांच्या घरी आढळते, म्हणून हे टिपण प्रामुख्याने त्यांच्यासाठी व शस्त्रागारात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी आहे.

गंजाची धास्ती सर्वांनाच असते, आणि ती रास्तही आहे. मात्र सोलापूरच्या हवेत ली-एनफिल्ड आधी लाकडात बिघडते, मग लोखंडात. हे ध्यानात न घेता नुसते तेल चोपडत बसणाऱ्याची रायफल चकचकीत दिसते आणि नेम मात्र धरत नाही.

कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहावे, शिवाय करंगळी घालून चाचपावे, आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. यानंतर बोल्ट बाहेर काढावा. मार्क तीनमध्ये बोल्ट पूर्ण मागे घेऊन बोल्ट हेडची उजवी कड वर उचलली की तो सुटतो; नंबर चारमध्ये त्यासाठी बॉडीवरची (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्यावरची) खिट्टी दाबावी लागते. बोल्टच्या दांड्यावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक एकच आहे ना, हे प्रत्येक वेळी वाचून पाहावे. एकाच बाकावर दोन रायफली उघडल्या असतील तर बोल्टची अदलाबदल व्हायला क्षणही लागत नाही, म्हणून आमचे उस्ताद एका वेळी एकच रायफल उघडू देत.

नळीची सफाई नेहमी चेंबरच्या बाजूने करावी. बटच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, मागच्या पितळी झाकणाआड पुल-थ्रू (टोकाला वजन असलेली सफाईची दोरी) आणि तेलाची बाटली असते. पुल-थ्रूच्या दोरीला तीन फासे असतात: वजनाजवळचा फासा तारेच्या जाळीसाठी, मधला चिंधीसाठी आणि शेवटचा, दोरी नळीत अडकलीच तर ती मागे ओढून काढण्यासाठी. कोरड्या सफाईची चिंधी चार इंच बाय दोन इंच आणि तेलाची चार इंच बाय दीड इंच, हे माप उगाच ठरलेले नाही. चिंधी मोठी झाली तर ती नळीत रुतते आणि लहान झाली तर नळीतल्या पिळदार खाचांच्या तळाशी पोचत नाही. सोलापुरात टेरी टॉवेलचे तुकडे सहज मिळतात म्हणून ते वापरण्याचा मोह होतो; परंतु त्यांचे फुललेले धागे सुटून चेंबरमध्ये आणि एक्स्ट्रॅक्टरच्या (काडतूस मागे ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) खाचेत बसतात. धुऊन मऊ झालेले फ्लॅनेलचे कापड सर्वांत उत्तम.

दोरी ओढताना ती नळीच्या सरळ रेषेतच बाहेर आली पाहिजे. तिरकी ओढलेली दोरी दर वेळी नळीच्या पुढच्या तोंडाच्या एकाच कडेवर घासते आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने गोल तोंड एका अंगाला लांबट होते. हे पाहायचे असेल तर रायफलचे तोंड आपल्याकडे करून, बोल्ट बाहेर असताना, चेंबरपाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा उजेडात धरावा. निरोगी तोंडाची कड सर्वत्र सारखी रेखीव दिसते; दोरीने खाल्लेल्या तोंडाच्या एका बाजूला खाचांच्या कडा पुसट होऊन तिथे गुळगुळीत, उतरती चकाकी दिसते. ही झीज कोणत्याही तेलाने भरून येत नाही.

गोळीबार झाल्यानंतरची सफाई वेगळी असते आणि तिथेच बहुतेक नळ्या वाया जातात. जुन्या .३०३ (थ्री-नॉट-थ्री) काडतुसांच्या टोपीत, म्हणजे बार पेटवणाऱ्या तळच्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. तो जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो, जो हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि विशेष म्हणजे तो तेलात विरघळत नाही. त्यावर तेल लावणे म्हणजे गंजावर झाकण घालणे होय. क्षार केवळ पाण्यात विरघळतो, म्हणून चेंबरमध्ये वाकड्या नळीचे नरसाळे बसवून साधारण तीन लिटर उकळते पाणी नळीतून सोडावे. पाण्याची सदा ओढ असलेल्या या शहरात तीन लिटर पाणी एका नळीत ओतणे जिवावर येते, परंतु त्याला पर्याय नाही. पाणी उकळतेच हवे, कारण तापलेली नळी आतून आपोआप वाळते. बोअरवेलचे जड पाणी टाळावे. त्याचा पांढरा थर मागे राहतो. पाणी लाकडात झिरपू देऊ नये. नळी वाळली की कोरडी चिंधी पांढरीशुभ्र निघेपर्यंत ओढावी आणि मग तेलाची चिंधी फिरवावी. पुढचे तीन-चार दिवस रोज कोरडी चिंधी फिरवून पाहावी, कारण राहिलेला क्षार उशिराने वर येतो. बोल्टच्या तोंडावर आणि एक्स्ट्रॅक्टरखालीही हाच क्षार बसतो, तिथे गरम पाण्यात भिजवलेल्या चिंधीने पुसून घ्यावे.

आता लाकूड. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि पुढचे लाकूड, ज्याला आम्ही फोरएंड म्हणतो, आकसते. पावसाळ्यात तेच फुगते. मार्क तीनमध्ये चाप थेट बॉडीला नव्हे तर ट्रिगर गार्डला (चापाभोवतीच्या कडीला) जोडलेला असतो आणि गार्ड लाकडाच्या आधाराने बसलेले असते. त्यामुळे लाकूड बदलले की चापाची ओढ बदलते, तिचे हलका आणि जड हे दोन टप्पे एकमेकांत मिसळू लागतात. नंबर चारच्या नंतरच्या रूपात चाप बॉडीलाच टांगला गेला, आणि माझ्या मते त्या रायफलीतली ती सर्वांत शहाणपणाची सुधारणा होय.

फोरएंडच्या मागच्या टोकाला, बॉडीला टेकणाऱ्या दोन जागा असतात. गोळी सुटताना बसणारा सगळा धक्का त्या सोसतात. उन्हाने आकसलेले किंवा खनिज तेलाने भिजून मऊ झालेले लाकूड इथे दबते, मग प्रत्येक गोळीसरशी नळी किंचित मागे सरकते आणि नेम भरकटतो. रायफल हातात घेऊन, स्क्रू घट्ट असतानाही फोरएंड हलते का, हे पाहावे. हलत असेल तर स्क्रू अधिक आवळू नये. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूवर एक लहान कॉलर (नळीसारखे कडे) असते, ती गार्डचे अंतर ठरवते, म्हणून आवळण्याने काही साधत नाही. ही कॉलर काढताना गळून पडते आणि हरवते. खाली स्वच्छ कापड पसरूनच स्क्रू सोडावा. दबलेल्या जागी लाकडाचा तुकडा बसवणे हे मात्र आर्मोररनेच करायचे काम आहे.

बट सैल झाली म्हणून मागून लांब पाना घालून तिला जखडणारा लांब बोल्ट (चेंबरचा नव्हे) फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. मार्क तीनमध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक फोरएंडमधल्या पट्टीत अडकलेले असते. फोरएंड आधी न काढता तो फिरवला तर फोरएंड मागून चिरते, आणि चांगले जुने अक्रोडाचे लाकूड आता मिळत नाही.

लाकडाला कच्चे जवसाचे तेल हातानेच चोळावे. रंगाच्या दुकानातले उकळलेले तेल वरच साय धरते, आत मुरत नाही. वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि पावसाळा सरल्यावर, हे करणे पुरते. थेंबभर तेल तळव्यावर घेऊन लाकूड गरम लागेपर्यंत चोळावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले पुसून टाकावे. बटच्या आतल्या, झाकणाखालच्या उघड्या लाकडालाही तेल द्यावे.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, ती व्हायलाच हवी. पण ओले हळद-कुंकू आणि झेंडूची फुले यांचा ओलावा लोखंडाला धरून राहतो. पूजेनंतर त्याच संध्याकाळी सर्व पुसून हलके तेल लावावे. घामेजल्या बोटांचे ठसे मे महिन्यात तितकेच घातक असतात.

  ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये काडतुसे भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकणार नाही, हे पाहावे.

रायफल ठेवताना बोल्ट बंद करून चाप ओढावा, म्हणजे स्प्रिंग मोकळी राहते. ती रेक्झिनच्या म्यानात कधीही कोंडू नये. शेवटी, बोल्ट हेड आणि चेंबर यांतले अंतर घरी कोणी तपासू नये, बदलू तर मुळीच नये. .३०३ मध्ये ते ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या गेजने मोजतात आणि नंबर चारचे बोल्ट हेड त्यासाठीच शून्य ते तीन अशा मापांत येते. रिकाम्या काडतुसाच्या तळापासून थोड्या वर चकाकती रेघ दिसू लागली, किंवा काडतुसाचे कवच तिथे तडकले, तर ती रायफल त्याच क्षणी बाजूला ठेवून परवानाधारक कारागिराकडे किंवा शस्त्रागारात द्यावी.